पुठ्ठ्याआडची चिठ्ठी

फोनने सहाव्यांदा नकार दिला, तेव्हा खळकाकांनी तो टेबलावर पालथा घातला. एखाद्या हट्टी पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करावं तसा.

खळकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं ते पुस्तकं बांधत होते. रोज सकाळी दुकानाच्या मागच्या शेगडीवर मैद्याची खळ शिजवायची, ती निवली की दिवसभर कागद, कापड आणि पुठ्ठा एकमेकांना चिकटवायचे. त्या खळीच्या वासावरून गल्लीतल्या पोरांनी नाव पाडलं आणि पोरं मोठी होऊन निघून गेली तरी नाव मागे राहिलं.

"परत विसरलात?" काकूंनी आतल्या दारातून विचारलं. दुकान पुढे आणि घर मागे, त्यामुळे काकूंना सगळं ऐकू यायचं. न बोललेलंही.

"विसरलो नाही. आठवत नाहीये."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, विसरलात."

फोनच्या काचेवर आता एक ओळ आली होती. एक तासानंतर पुन्हा प्रयत्न करा. काका त्या ओळीकडे बघत बसले. एरवी त्यांनी तो तास आनंदाने दिला असता. आज शुक्रवार होता आणि उद्या सकाळी दहाला त्यांना एक वही बांधून द्यायची होती.

वही म्हणजे अडतीस पानं. जाड चित्रकलेचे कागद, दोन्ही बाजूंनी रंगवलेले. गल्लीच्या टोकाला कर्णबधिर मुलांची शाळा होती. तिथल्या बाईंनी अडतीस वर्षांपूर्वी पहिल्या वर्गाला एक पान दिलं आणि खुणेनं सांगितलं, एक गोष्ट काढा. पोरांनी शाळेच्या फाटकातून बाहेर पडलेलं एक काळं कुत्रं काढलं. पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याला बसमध्ये चढवलं. मग दर वर्षी प्रत्येक वर्ग एक पान पुढे नेत राहिला. कुत्रं विहिरीत पडलं, दवाखान्यात गेलं, होडीत बसलं, एकदा तर चंद्रावर जाऊन आलं. बाराव्या वर्षीच्या वर्गातल्या कुणीतरी त्याचा डावा कान फाडला आणि मग पुढच्या प्रत्येक वर्गाने तो इमानाने फाटकाच काढला. त्या वहीचा एकच नियम होता. तो मुलांनीच केला होता. आत एक अक्षर नाही, एक आकडा नाही. जे सांगायचं ते चित्राने.

उद्या बाई निवृत्त होणार होत्या. जुनी मुलं येणार होती. काही तर आता आजोबा व्हायच्या वयाची. प्रत्येक जण वहीत आपलं पान शोधणार होता आणि गेल्याच महिन्यात शाळेच्या कपाटामागची पाण्याची नळी फुटून वही भिजली होती.

काकांची रीत अशी होती की पुस्तक उसवायच्या आधी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा घालायचा. काम झालं की खोडरबराने पुसायचा. बाईंनी वही हातात देताना म्हटलं होतं, "दादा, हिच्यावर पेन्सिलसुद्धा लावू नका हं. मुलांना शब्द दिलाय."

मग काय करायचं? काकांना वाटलं, आपल्याकडे फोन आहे की. प्रत्येक पान सुटं केलं की त्याचा फोटो काढायचा. फोटोंचा क्रम तोच पानांचा क्रम. असा विचार सुचल्यावर त्यांना स्वतःचाच जरा अभिमान वाटला होता.

बुधवारी दुपारी सत्ताविसाव्या पानाशी फोनने सांगितलं, जागा नाही.

काकांनी लेकीला फोन लावला. लेक दूरच्या शहरात एका कारखान्याच्या कचेरीत होती.

"बाबा, तुमच्या फोनमध्ये काय काय भरलंय ते आधी बघा."

त्यांनी बघितलं. उगवते सूर्य होते. गुलाबाची फुलं होती, दवबिंदू होते, वाफाळत्या कपाशेजारी सुप्रभात म्हणणारे शेकडो फोटो होते. हे सगळं त्यांच्या एका शाळूसोबत्याचं काम. तो रोज पहाटे सात पाठवायचा.

"हे सगळं पुसा," लेक म्हणाली.

"त्याला वाईट वाटेल गं."

"त्याला कळणारच नाही, बाबा. पुसलं की तुमच्याकडून जातं, त्याच्याकडून नाही."

ही गोष्ट काकांना नवी होती. त्यांच्या धंद्यात एक कागद एकाच जागी असे. त्यांनी एकेक सूर्य मावळवला. अर्ध्या तासात बारा पानांपुरती जागा झाली आणि उरलेले फोटो निघाले. लेक म्हणाली, "आता सगळे मला पाठवून ठेवा. फोनला काही झालं तर इथे राहतील."

"नको. दुसऱ्याची ठेव आहे. बाईंना विचारल्याशिवाय असं कुठेही पाठवायचं नाही."

"अहो बाबा, मी काय चोर आहे?"

"तू नाहीस. पण वाटेत कोण भेटेल, सांगता येतं का?"

त्याच संध्याकाळी, जणू हे ऐकूनच, काचेवर लाल रंगात एक पाटी आली. तुमचा फोन धोक्यात आहे, ताबडतोब इथे दाबा. काकांनी दाबलं नाही. तेवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. रस्त्यात अनोळखी माणूस हात धरून 'चला लवकर' म्हणाला तर आपण जात नाही, तसंच. लेकीनेही फोनवर तेच सांगितलं, पाटी बंद करा आणि विसरून जा. पण पाटी गेली तरी धाकधूक गेली नाही. त्यांच्या फोनचं कुलूप एक-दोन-तीन-चार होतं. अंगठ्याचं कुलूप त्यांना लावताच येत नव्हतं, कारण चाळीस वर्षांच्या खळीने आणि पॉलिश पेपरने अंगठ्यावरच्या रेषाच पुसून टाकल्या होत्या. फोन त्यांचा अंगठा बघायचा आणि म्हणायचा, ओळख पटत नाही.

"अडाण्याचा अंगठा चालतो," ते काकूंना म्हणाले होते, "आणि मी मेला चार बुकं शिकलो, तर माझा चालत नाही."

तर बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सहा आकड्यांचं नवं कुलूप घातलं. लेकीने बजावलं होतं, वाढदिवस नको, घराचा नंबर नको, ज्याचा तुमच्याशी काही संबंध आहे असं काहीच नको. त्यांनी अक्षरशः तसंच केलं. डोळे मिटून कुठलेही सहा आकडे घेतले, कागदाच्या एका चिठ्ठीवर निळ्या पेनाने लिहिले, खाली सवयीने दोन रेघा ओढल्या.

चिठ्ठी टेबलावर ठेवली. ती गेली.

गुरुवारभर त्यांना चिठ्ठीची गरजच पडली नाही. आलेला फोन घ्यायला कुलूप उघडावं लागत नाही. सुटी केलेली दमट पानं दोरीवर, खुर्च्यांच्या पाठींवर, पलंगावर वाळत होती. संध्याकाळी त्यांनी ती गोळा केली. एरवी त्यांनी ती ओळीने, एकावर एक, जिवापाड जपून उचलली असती. पण फोटो आहेत म्हटल्यावर हात सैल पडला. जशी हाताला लागली तशी उचलली. काकूंनीही चार उचलून दिली.

शुक्रवारी सकाळी गठ्ठा समोर, फोन समोर आणि मध्ये कुलूप.

त्यांनी खण उपसले, केराची टोपली उलटी केली, चपलांच्या खालीसुद्धा बघितलं. मग चौकातल्या फोनदुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानवाली पोरसवदा होती, पण बोलणं डॉक्टरणीसारखं.

"उघडून देते, काका. दोन मिनिटांचं काम. पण आतलं सगळं पुसलं जाईल."

"मग उघडून काय उपयोग? घराला आग लावून दार उघडल्यासारखं."

"म्हणूनच तर सांगतेय. आणि अंदाजाने आकडे मारत बसू नका. काही फोन ठरावीक चुकांनंतर स्वतःहून सगळं पुसतात. तुमचा कुठल्या जातीचा आहे ते मला इथून सांगता यायचं नाही."

"जगात सगळ्याला उपाय असतो म्हणतात."

"असतो की. तुम्ही काय लिहिलंत ते आठवणं."

काका परत आले तेव्हा दुकानात बाई बसल्या होत्या. ताठ पाठ, मांडीवर पिशवी. काकूंनी चहा दिला होता आणि नुसता चहा दिला होता, काही सांगितलं नव्हतं. तो मान त्यांनी नवऱ्यासाठी राखून ठेवला होता.

"म्हटलं, बघून जावं," बाई म्हणाल्या. "रात्री झोप आली नाही मला."

काकांना वाटलं, सांगावं की काम चालू आहे. चाळीस वर्षांत कितीतरी गिऱ्हाइकांना त्यांनी हे वाक्य सांगितलं होतं आणि ते बहुतेक वेळा खरंही होतं. पण या बाईंसमोर ते तोंडून निघेना. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फोटो, जागा, लाल पाटी, चिठ्ठी, सैल हात. काही राखून ठेवलं नाही.

बाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पानं काढा. जमिनीवर लावू. मला माझी मुलं ओळखता येतात."

तिघांनी मिळून लादीवर पानं पसरली. बाई गुडघ्यावर बसल्या आणि भराभर हात चालू लागला. हे पाहिलं, हे दुसरं, ही रेघ अमक्या वर्गाची, त्यांच्यात एक सुताराचा मुलगा होता, सगळ्यांत फळ्यांचे सांधे काढायचा. कान शाबूत ती पानं डावीकडे, कान फाटका ती उजवीकडे. होडीतून उतरल्यावर कुत्र्याच्या पायाला दोरी अडकली होती, ती पुढच्या चार पानांत दिसायची. काका बघत राहिले. पुस्तकं बांधताना त्यांनी आत फारसं कधी वाचलं नव्हतं. बाहेरून सांभाळायचं, एवढाच त्यांचा धंदा.

एकतीस पानं लागली. सात उरली.

त्या सातांत कुत्र्याचा कान दिसत नव्हता. कुठे ते पाठमोरं होतं, कुठे दूर ठिपक्याएवढं, कुठे पायात तोंड खुपसून झोपलेलं. बाईंनी एक पान उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्यांचा हात थांबला.

"ही कुणाची, मला आठवत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माझीच मुलं. आणि मला आठवत नाही."

काकू उठून पाणी आणायला गेल्या. पाण्याची कुणाला गरज नव्हती.

"अहो बाई," काका म्हणाले, "तुम्ही अडतीसमधली सात विसरलात. मी सहामधले सहा विसरलो. आपल्यात नापास कोण?"

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. त्यांनी पदर खोचला, काकांना टेबलाशी उभं केलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

"आता बोलायचं नाही. एक शब्द नाही. बोललं की माणूस आठवण रचायला लागतो. बुधवारी संध्याकाळी हातांनी काय केलं, ते हातांनीच करून दाखवा. मुलांकडून मी असंच हरवलेलं शोधून घेते. पेन्सिली, डबे, एकदा तर शेजारच्यांचं मांजर."

"बाई, मी या वयात..."

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

काका लाजले. दारात काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पण बाईंची नजर अशी होती की साठीच्या माणसालाही पहिलीत बसवील. काकांनी हवेतलं पेन उचललं. सहा आकडे लिहिले. दोन रेघा ओढल्या. चिठ्ठी टेबलाच्या डाव्या कडेला ठेवली आणि उडू नये म्हणून तिच्यावर कात्री ठेवली. मग वाचनालयाचे दोन जाड शब्दकोश पुढे ओढले, कारण त्या संध्याकाळी तेच काम होतं. कापड मोजलं. कापायला कात्री उचलली.

इथे त्यांचा हात क्षणभर अडखळला, पण बाईंनी खुणेनं सांगितलं, पुढे.

ब्रश खळीत बुडवला. पुस्तकाच्या पाठीवर फिरवला. शिवण पक्की धरावी म्हणून पाठीला कागदाच्या पट्ट्यांचं अस्तर लावावं लागतं. त्यासाठी रद्दीतले दोन बोटं रुंदीचे तुकडे ते नेहमी हाताशी ठेवत. नेहमी डावीकडे. नजर पाठीवर ठेवून त्यांचा डावा हात टेबलाच्या डाव्या कडेला गेला, एक पट्टी उचलली, पाठीवर ठेवली, अंगठ्याने दाबून बसवली.

आणि हात तिथेच राहिला.

"काखेत कळसा..." काकू म्हणाल्या.

"आणि गावाला वळसा," काकांनी पुरं केलं. "मी माझं कुलूप शब्दकोशात चिकटवलं."

दोन्ही शब्दकोश शिकंज्यात दाबून ठेवले होते. नवं कापड, सोनेरी अक्षरं, सोमवारी वाचनालयाचा शिपाई न्यायला येणार. काकांनी ते बाहेर काढले. आता कुठल्यात आहे? पुस्तक उताणं उघडलं की पाठीचा पुठ्ठा कमानीसारखा वर येतो आणि आत बोटभर पोकळी दिसते. पण पोकळीत अंधार.

"उजेड पाहिजे," काका म्हणाले.

काकूंनी टेबलावरचा पालथा फोन उचलला, काचेवरून बोट खाली ओढलं आणि त्याची बॅटरी लावली.

काका बघतच राहिले. "उघडला?"

"छे. बॅटरीला कुलूप लागत नाही. मी रोज तुमचा चष्मा शोधते की ह्याच्यावर." काकूंनी फोन पुढे केला. "चोराला तुमचा फोन उघडता यायचा नाही. पण त्याच्या उजेडात घर खुशाल लुटता येईल."

पहिल्या शब्दकोशाच्या पाठीत जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या दिसल्या. दुसऱ्यात, आत खोलवर, एका पट्टीच्या कडेला निळ्या शाईच्या दोन रेघा.

आकडे दिसत नव्हते. ते कापडाखाली होते. काकांनी पातळ सुरी घेतली आणि थोडा वेळ पुस्तक नुसतं हातात धरलं. दुसऱ्याने बांधलेली हजारो पुस्तकं त्यांनी उसवली होती. स्वतःचं, नवंकोरं, चूक नसलेलं काम कधी उसवलं नव्हतं.

"उसवा," काकू म्हणाल्या. "पुन्हा बांधायला तुम्हीच आहात."

पाठीचं कापड सुटं झालं. ओल्या फडक्याने पट्टी भिजवली, खळ मऊ व्हायची वाट बघितली. घाई केली असती तर कागद फाटला असता. मग नखाने कोपरा उचलला आणि श्वास रोखून पट्टी सोलली. बॉलपेनची शाई टिकली होती. सात, शून्य, तीन, तीन, नऊ, एक. काकांना तो आकडा जरासुद्धा ओळखीचा वाटेना. लेकीचं ऐकलं होतं त्यांनी, पुरेपूर.

फोनने लावलेला तास केव्हाच संपला होता. काकांनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला. फोन काही न बोलता उघडला, जणू कधी भांडण झालंच नव्हतं.

सात पानांच्या जागा पाच मिनिटांत सापडल्या. काका फोटो पुढे ढकलत होते, बाई पानं सरकवत होत्या. आणि मग नवव्या फोटोशी बाई थांबल्या.

"हे पान इथलं नाही. हे मी विसावं लावलंय."

खिडकीत बसून बाहेर बघणारं कुत्रं. कान पडद्याआड. ते त्या सात पानांतलं नव्हतं. बाईंनी ते खात्रीने लावलं होतं.

"फोटोत नववंच आहे, बाई."

बाई पान हातात घेऊन बसल्या. "डावखुरी होती," त्या म्हणाल्या. "सावल्या उलट्या बाजूला काढायची. मी तिला पुढच्या मुलांत धरलं, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर खूप दिवस आहे. पण ती तर त्याच वर्षी शाळा सोडून गेली. वडिलांची बदली झाली. एकच वर्ष होती ती माझ्याकडे." त्यांनी पान नवव्या जागी ठेवलं, कडा बोटाने सारखी केली. "उद्या येणार आहे. लेकीला घेऊन. लेकीला दाखवायला ती आधी कुठलं पान उघडेल, सांगा?"

काका पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू झाले आणि अडतीसही पानं एकदा तपासून घेतली, जी बरोबर होती तीसुद्धा.

मग कामाला लागायचं होतं. प्रत्येक पानाला कापडाची अरुंद पट्टी जोडायची, पट्ट्या शिवायच्या, पाठ खळीने धरायची. बाई गेल्या नाहीत. पट्ट्या कापून देत बसल्या. मध्येच काकांनी घसा खाकरला.

"बाई, हे फोटो माझ्या लेकीला पाठवून ठेवू का? तिच्याकडे राहतील. परवा तुम्हाला विचारायचं राहिलं."

"पाठवा की. आणि मलाही."

"तुमच्या फोनमध्ये जागा आहे?"

"मला कुणी सूर्य पाठवत नाही," बाई म्हणाल्या.

अस्तराची वेळ आली तेव्हा काकांनी रद्दीच्या तुकड्यांचा ढीग बाजूला सारला. कोरा जाड कागद घेतला, पट्ट्या कापल्या आणि लावायच्या आधी प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंनी उलटून बघितली. ती वही होती. तिच्या पाठीतसुद्धा आकडा जायला नको होता.

"नवं कुलूप काय घातलंत?" काकूंनी विचारलं.

"तुला सांगतो. चिठ्ठी नको आता."

"मला सांगा आणि मी विसरले तर?"

"तर बाईंकडे जाऊ. दोघं हातवारे करू."

पुठ्ठा चढवायच्या आधी बाईंनी वही उघडून शेवटचं पान बघितलं. त्यावर कुत्रं एका नदीच्या काठावर उभं होतं, पलीकडे काय आहे ते अजून कुणी काढलं नव्हतं. त्यानंतर काकांनी नव्याने घातलेली कोरी पानं होती. बाईंनी मोजली. वीस.

"एवढी?" त्या म्हणाल्या. "मी तर उद्यापासून नाही."

"शाळा आहे ना," काका म्हणाले. त्यांनी पाठीची जाडी दोन बोटांत धरून पाहिली, मग खणातून आणखी चार पानं काढली आणि शिवणीत घेतली.